आडोशास आलेल्याचें कर्तव्य

आपलें रक्षण होणार हें ज्यास निश्चित कळलें, त्यानें पुढें स्वतः खटपट कां करावी, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वारंवार विचारला जातो. कोणी तो श्रद्धेनें विचारतो, कोणी आळसानें. आणि या दोहोंतील कोणतें आपल्या मनांत आहे हें पुष्कळदां विचारणारासहि ठाऊक नसतें. नुसत्या वादानें असा प्रश्न सुटत नाहीं. म्हणून आज वाचकांनीं माझ्याबरोबर समुद्रकांठीं यावें. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील आपणां लोकांस समुद्र परका खरा. पण ज्या वस्तूविषयीं मी लिहिणार तिचें नांव आपल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरांत आहे. ती वस्तु म्हणजे नांगर.

शेतांतलें औत आणि गलबताचें अवजार या दोहोंस आपल्या भाषेनें एकच नांव दिलें, तें यथार्थ आहे. गलबताचा नांगर केवळ आपल्या भारानें गलबत थोपवून धरतो असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो तळच्या मातींत फाळासारखा घुसतो, म्हणून धरतो. हाळीसावर जूं मागें घेऊन बांधलें म्हणजे फाळ वर उचलला जातो व तास उथळ पडतो, हें ज्यानें रुमणें धरलें आहे त्यास सांगावयास नको. पाण्यांतहि तोच नियम चालतो. दोर आखूड असला तर ओढ वरच्या दिशेस लागते व नांगर उपटून येतो. दोर लांब सोडला तर ओढ तळाच्या बाजूनें आडवी लागते, आणि ओढ जितकी वाढेल तितका नांगर खोल रुततो. म्हणून जाणते खलाशी पाण्याच्या खोलीच्या निदान पांचपट सांखळी सोडतात, दोर असेल तर सातपट, आणि वारा वाढला म्हणजे त्याहूनहि अधिक. आपल्या कृष्णाकांठींहि घाटाला आखूड दोरानें बांधलेली नाव पाणी चढूं लागलें म्हणजे त्या दोरानेंच खालीं ओढली जाते.

दोराखेरीज तळाचाहि विचार करावा लागतो. चिखल व वाळू यांत नांगर चांगला धरतो, खडकावर तो घसरतो. ग्रीस देशाच्या बेटांभोंवतीं समुद्राच्या तळाशीं एक दाट हिरवें गवत वाढतें. वरून तें गादीसारखें मऊ दिसतें; पण नांगर त्याच्यावरून घसरत जातो, आणि रुतलाच तर ज्या कुरणांत माशांचीं पिलें वाढतात तें फाडून काढतो. तेथें उन्हाळ्यांत आकाश अगदीं निरभ्र असतांना उत्तरेचा वारा कित्येक दिवस घोंघावतो, व ज्या डोंगराच्या आडोशास मनुष्य उभा राहतो त्याच डोंगरावरून त्याचे झोत खालीं कोसळतात. तेथें सहलीच्या शिडाच्या होड्या घेऊन येणारे शहाणे लोक नांगर टाकल्यावर होडी मागें ओढून तो रुतला कीं नाहीं हें पाहतात. मग किनाऱ्यावरील एखादें घर व त्याच्या मागचें झाड एका रेषेंत धरून खूण ठरवितात. रेष मोडली तर होडी सरकली असें समजून ते मध्यरात्रीं सुद्धां उठतात.

आतां आपल्या कोंकणाकडे पहा. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी नांवाचें चक्रीवादळ उठलें, तेव्हां केरळ व तमिळनाडूकडील ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह देवगडच्या किनाऱ्यास सुखरूप लागल्या. ते लोक परक्या भाषेचे व परक्या मुलखाचे. पण खाडीनें त्यांस जागा दिली. पुढें २०२१ च्या मे महिन्यांत तौक्ते वादळ आलें. त्या वेळीं त्याच देवगडास, आनंदवाडीच्या बंदरांत नांगरून ठेविलेल्या दोन नौका बुडाल्या व खलाशांचे प्राण गेले. त्यांस दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. तशा वाऱ्यापुढें उत्तम खलाशीहि हतबल होतो. माझें म्हणणें इतकेंच कीं, आडोसा मिळणें ही एक गोष्ट आणि त्या आडोशांत टिकून राहणें ही दुसरी. पहिली आपणांस दिली जाते, दुसरी आपणांस करावी लागते.

शिवाय खाडींत नौका सहसा एकटी नसते. एकीचा नांगर सुटला म्हणजे ती शेजारणीवर आदळते, व जिचा नांगर घट्ट होता तीहि फुटते. म्हणून जो मागाहून आला त्यानें आधीं आलेल्यापासून दूर राहावें, अशी दर्यावर्दी लोकांची जुनी रीत आहे. (ही रीत आपल्या गांवांतील बांधाच्या भांडणांस लागू झाली असती तर पुष्कळ वकिलांस दुसरा धंदा शोधावा लागला असता!) माझा दोर किती लांब असावा हा केवळ माझा खासगी प्रश्न राहत नाहीं, तो शेजाऱ्याचाहि होतो.

हें सर्व ध्यानांत ठेवून प्रेषितांच्या कृत्यांचा २७ वा अध्याय वाचावा. पौलास बंदिवान करून रोमेस नेणारें तारूं क्रेत बेटाच्या दक्षिणेस ‘सुंदर बंदरें’ नांवाच्या ठिकाणीं आलें. नांव सुंदर, पण तें बंदर पूर्वेकडील वाऱ्यास उघडें होतें व हिंवाळा काढण्यास सोयीचें नव्हतें. तरी पुढें जाऊं नये असें पौलानें सांगितलें. शताधिपतीनें तांडेलाचें व तारवाच्या धन्याचें ऐकलें. फेनिके येथील अधिक चांगलें बंदर गांठावें असें त्यांचें मत होतें. दक्षिणेचा मंद वारा सुटला, सर्वांस आनंद झाला, आणि थोड्याच वेळांत बेटावरून तुफान खालीं आलें.

चौदावी रात्र आली. अंधारांत जमीन जवळ आल्याचा भास झाला. खलाशांनीं खोली मापिली तों वीस वांव, पुन्हां मापिली तों पंधरा. सांगलीस आयर्विन पुलावरील फुटांचे आंकडे पावसाळ्यांत ज्यांनीं वाचले आहेत त्यांस हें मापणें कसें असतें तें समजेल. तेथें ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें, आणि २००५ च्या पुराची खूण पाहून निश्चिंत बसलेल्या पुष्कळांच्या घरांत तें शिरलें. त्या खलाशांनीं मात्र दोन आंकडे पाहतांच मागल्या बाजूनें चार नांगर टाकले व ते उजाडण्याची वाट पाहूं लागले.

आतां आपला मूळ प्रश्न येथें उभा राहतो. कोणाचाहि जीव जाणार नाहीं, तारूं मात्र जाईल, असें वचन पौलास पूर्वींच मिळालें होतें आणि त्यानें तें सर्वांस सांगितलेंहि होतें. इतक्यांत कांहीं खलाशी तारवाच्या पुढून आणखी नांगर टाकण्याच्या मिषानें होडी खालीं सोडून पळूं लागले. त्या वेळीं वचनावर विसंबून पौल स्वस्थ बसला असता तर त्याच्या श्रद्धेस कोणी नांवें ठेविलीं नसतीं. पण हे लोक तारवावर राहिले नाहींत तर तुमचा बचाव होणार नाहीं, असें त्यानें शताधिपतीस व शिपायांस बजाविलें.

यांत कोणी विरोध पाहतात. मला तो दिसत नाहीं. वचन २७६ जणांस मिळून दिलेलें होतें, आणि तें पुरें होण्यास त्या खलाशांचे हात लागणार होते. त्यांनीं वचनाचें फळ आपल्यापुरतें घेऊन साधन इतरांपासून काढून नेण्याचा बेत केला. बाहेरून पाहणारास तें नांगर टाकण्याचेंच काम दिसलें असतें! एकच कृति, पण एका हातीं ती सेवा आणि दुसऱ्या हातीं दगा. शिपायांनीं तत्काळ होडीचे दोर कापले. तेवढें शहाणपणाचें झालें कीं काय याविषयीं मला शंका आहे. सकाळीं ती होडी उपयोगी पडती, आणि ती तोडा असें पौलानें सांगितल्याचें लिहिलेलें नाहीं.

आपल्यांतहि कित्येक कुटुंबें आडोशास लागलीं आहेत. मुलें शिकलीं, पुण्यामुंबईस नोकऱ्या मिळाल्या, माळावर उंच जागीं पक्कें घर झालें. हें सर्व देवाचें देणें, त्याबद्दल त्याचे आभारच मानावे. पण पाणी घरांत शिरलेल्या विधवेचें धान्य कोणी वाहून आणावें असा प्रसंग आला म्हणजे ‘देव तिची काळजी घेईल’ असें यांतलेच कांहीं म्हणतात, तेव्हां मला ती होडी खालीं सोडणारे खलाशी आठवतात. देव तिची काळजी घेईल हें खरेंच आहे. तें कोणाच्या हातांनीं, एवढेंच त्यांनीं वगळलेलें असतें.

त्या रात्रीं पुढें काय झालें तें वाचकांस माहीत आहे. पौलानें सर्वांस जेवावयास लाविलें. कित्येक दिवसांनीं त्यांच्या पोटांत अन्न गेलें. मग तारूं हलकें करण्यासाठीं त्यांनीं गहूं समुद्रांत टाकला. उजाडलें तेव्हां समोर एक उपसागर व त्याचा रेताड कांठ दिसला. मग ज्यांच्या आधारावर अख्खी रात्र निभावली ते चारहि नांगर तोडून त्यांनीं समुद्रांत सोडून दिले, शीड वाऱ्यावर उभारलें आणि तारूं कांठाकडे हांकारलें.