मंदीतलं तिकीट

३ मार्च १९३४ रोजी बंगळूरच्या सिटी मार्केटजवळच्या पॅरामाउंट थिएटरात ‘सती सुलोचना’ लागला. कन्नडमधला हा पहिला प्रदर्शित बोलपट. मराठी माणसानं आवर्जून लक्षात ठेवावं असं त्यात एक आहे: तो घडला कोल्हापुरात, तिथल्या छत्रपती स्टुडिओत. पैसा चमनलाल डुंगाजी या व्यापाऱ्याचा, दिग्दर्शन वाय. व्ही. राव यांचं. नाटक कंपनीत मुरलेले आर. नागेंद्र राव रावण झाले आणि सुब्बय्या नायडू इंद्रजित. खर्च आला सुमारे ४० हजार रुपये.

आणि हे सगळं मंदीच्या दिवसांत! १९२९मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, त्याची झळ आपल्या खळ्यापर्यंत पोचली. धान्या-कापसाचे भाव निम्म्यावर आले. सारा मात्र तेवढाच राहिला. कितीतरी घरांतलं सोनं मोडीत निघालं. तिकडे अमेरिकेत थिएटरवाले एका तिकिटात दोन चित्रपट दाखवत होते, ठरलेल्या रात्री येणाऱ्या बायकांना कपबश्या भेट देत होते. इकडे बंगळूरला पौराणिक कथा बघायला लोक थिएटरात येतच राहिले. ‘सती सुलोचना’ सहा आठवडे चालला.

याला मी उधळेपणा म्हणणार नाही. ज्याचा दिवस सावकाराला तोंड देण्यात जातो, त्याला आपलं दुःख तासभर उंबऱ्याबाहेर ठेवावंसं वाटणारच. अंधारात शेजारी बसलेला अनोळखी माणूसही त्याच प्रसंगाला डोळे पुसतो, तेव्हा आपण एकटे नाही हे कुणी न सांगता कळतं. आजही कामवाली बाई पगारातून उचल मागते आणि रविवारी मुलांना सिनेमाला नेते, तेव्हा ‘हिला कशाला हवी ही चैन’ असं आपल्या तोंडून निघून जातं. तो पैसा तिच्या कष्टाचा आहे, आणि ते तीन तासही तिच्या हक्काचे आहेत.

‘सती सुलोचना’ची प्रत आज कुठेही उपलब्ध नाही. कोल्हापुरात किंवा बंगळूरला कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत त्या काळातली एखादी जाहिरात, फोटो किंवा तिकिटाचा तुकडा सापडला, तर कृपा करून रद्दीत घालू नका.