पहिलं वाक्य खोड

उभा राहा. हो, तुलाच म्हणतेय, खिडकीजवळच्या. फर्स्ट शिफ्ट करून चाकणहून आलायस, डोळे मिटतायत, सगळं दिसतंय मला. तरी उभा राहा आणि आपल्याच वहीतलं पहिलं वाक्य वर्गाला मोठ्यानं वाचून दाखव.

‘डॉ. आंबेडकर हे दलितांचे नेते असल्यामुळे इतरांनी त्यांना मते दिली नाहीत, यात गैर काही नाही.’

हसू नका कुणी. निम्म्या वह्यांत हेच आहे, फक्त शब्द मवाळ आहेत. 1952 च्या निवडणुकीत बाबासाहेब का हरले, एवढंच मी विचारलं होतं. तुम्ही त्यांचा जन्म लिहून दिलात आणि पेन बंद केलंत.

आता सांग, लाइनवर किती तास उभा असतोस? आठ. त्यापुढे थांबवलं तर ओव्हरटाइम मागतोस ना? मागायलाच हवा. आठवड्याचे 48 तास ही मर्यादा कारखान्यांना लागली ती 1946 च्या दुरुस्तीनं. ते विधेयक मांडणारे मजूरमंत्री कोण? 1942 पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणारे आंबेडकर. त्यांनी 1936 साली पक्ष काढला त्याचं नाव काय? स्वतंत्र मजूर पक्ष. खोतांच्या जाचाखाली पिचणाऱ्या कोकणातल्या कुळांसाठी 1937 मध्ये विधेयक आणलं, आणि त्या कुळांत कुणबी होते. 7 नोव्हेंबर 1938 ला मुंबईच्या कामगारांनी संप केला, त्यात आंबेडकर आणि कॉम्रेड डांगे एकाच बाजूला होते. या माणसाला तू ‘त्यांचा’ नेता म्हणतोस? तुझी पाळी आठ तासांत सुटते, त्यात तुझं काहीच नाही?

शिवी दिली की ती शिवी म्हणून कळते तरी. ‘दलितांचे नेते’ हे मात्र हार घालताना म्हणता येतं, भाषणात म्हणता येतं, पाठ्यपुस्तकाच्या उत्तरातही लिहिता येतं. देशाच्या नेत्याला एका वस्तीत नेऊन बसवायचं आणि मग म्हणायचं, आमचा त्या वस्तीशी संबंध नाही. जातीनं केलेला विरोध इतका सभ्य कपडे घालून येतो, म्हणूनच मी त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

‘बाई, म्हणजे त्यांना विरोध करायचाच नाही का?’ कोण बोललं? प्रश्न बरोबर आहे, उत्तर नीट ऐका. विरोध करायचा, कडाडून करायचा. ज्या डांग्यांबरोबर 1938 ला संप केला, त्यांच्याच कम्युनिस्ट पक्षानं 1952 ला आंबेडकरांविरुद्ध जोरदार प्रचार केला. ते राजकारण होतं. काँग्रेसची तेव्हा लाट होती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले, आणि तेही दलितच होते. उत्तर मुंबईचा तो मतदारसंघ दोन जागांचा होता. आंबेडकरांची समाजवाद्यांशी युती होती आणि दुसऱ्या जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता उभे होते. तेही पडले. मेहता काही दलित नव्हते! हे एक वाक्य लिहून ‘म्हणून पराभवाचं कारण फक्त जात नव्हे’ असा मुद्दा तू मांडला असतास, तर मी शाबासकी दिली असती. मला न आवडणारा मुद्दा असता, तरीही दिली असती. तू शोधलंच नाहीस. जात हाताशी होती, ती उचललीस.

जात नेमकी कुठे होती, ते मी दाखवते. हिंदू कोड बिल आठवा. बायकोला घटस्फोट मागता यावा, मुलीला वारसा मिळावा, यासाठीचं ते बिल कायदामंत्री म्हणून आंबेडकर पुढे नेत होते. एखाद्याला ते पटलं नसेल, ठीक. कलमावर बोला, मिताक्षरेसारखा जुना ग्रंथ काढा, वाद घाला. पण 1949 मध्ये विरोधाच्या आघाडीवर असलेले स्वामी करपात्री थेट मंत्र्याच्या जातीवर आले. पूर्वाश्रमीच्या अस्पृश्यानं धर्मशास्त्रात हात घालायचाच कसा, असा त्यांचा रोख. यात कलम कुठे आहे? बिल रखडलं, 1951 मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. पुढे 1955 आणि 1956 मध्ये त्याच विषयांवरचे विवाह आणि वारशाचे कायदे तुकड्यातुकड्यांनी झाले, हरि विनायक पाटसकरांनी ते संसदेत नेले. या वर्गातल्या मुलींनो, वडिलांच्या जमिनीवर उद्या हक्क सांगाल तेव्हा हा सगळा वाद आठवा.

आणि हे एकट्या आंबेडकरांच्याच वाट्याला आलं असं नाही. दलित घरात जन्मलेले जगजीवनराम माहीत आहेत? तुमच्या खिशातलं ईएसआयचं कार्ड काढा. तो कायदा 1948 चा, मजूरमंत्री तेच. 1971 च्या युद्धात संरक्षणमंत्रीही तेच. त्यांनी 1978 मध्ये बनारसला माजी मुख्यमंत्री संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण केलं, आणि नंतर काही लोकांनी तो पुतळा गंगाजलानं धुतला. देशाचं सैन्य ज्याच्या हाती, त्याचा हात लागलेला पुतळा! अमेरिकेतही दुसरं काय झालं? ओबामांच्या आरोग्य विम्याला विरोध करणारे प्रामाणिक लोक होतेच. पण होनोलुलूत जन्मलेल्या त्या राष्ट्राध्यक्षाला ‘तू इथला नाहीसच’ म्हणणारेही होते, आणि 2011 मध्ये त्यांना जन्माचा सविस्तर दाखला देशापुढे ठेवावा लागला. गोऱ्या अध्यक्षाकडे असा दाखला कोण मागत बसलं होतं?

बनारस लांब आहे, अमेरिका त्याहून लांब. मागच्या आठवड्यात जिन्यात मी काय ऐकलं? ‘पिंपरी राखीव आहे, त्यामुळे आपल्याला उमेदवारच नाही.’ कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे, नाव घेत नाही. राखीव म्हणजे उभं कुणी राहायचं ते ठरलेलं. मत सगळ्यांचं असतं. नळाला पाणी आलं नाही तर त्याच आमदाराकडे जायचं आहे ना? त्याला कामावरून झोडा, हिशेब मागा, पाडा. पण ‘आपल्याला उमेदवारच नाही’ हे वाक्य तुझ्या तोंडात कुणी घातलं, ते घरी जाऊन तपास.

आणि पहिल्या बाकावर मान डोलावणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. मे 2012 मध्ये पाठ्यपुस्तकातल्या, शंकर यांनी काढलेल्या आंबेडकरांवरच्या एका व्यंगचित्रावरून पुणे विद्यापीठात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांचं कार्यालय फोडलं गेलं. चित्र 1949 चं, राज्यघटनेचं काम संथ चाललंय यावरचं. दुखावलेल्यांचं दुखणं मी खोटं म्हणणार नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे ते. पण खुर्च्या फोडणं मला मान्य नाही. ज्यानं संविधान सभेत कलमाकलमावर उलटतपासणी सोसली, त्याच्या नावानं प्रश्नच बंद करायचे? टीका कुठली आणि जात कुठली, हे ओळखायला वाचावं लागतं, दोन्ही बाजूंनी.

बस आता खाली. रविवारी तुला सुट्टी असते. लोकलनं देहूरोडला उतर. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 ला रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती तिथे बसवली, धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. इतक्या जवळ राहून या वर्गातले किती जण तिथे गेलेत? हात वर करा.

तीन.

वही घे. पहिलं वाक्य खोड, पान फाडू नकोस. खाली पुन्हा लिहायला घे, अशोक मेहतांपासून. सोमवारी मला हवंय.