मनगटावर तीन बोटं

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं अलगद टेकवा. मोजू नका. नाडी लागायला वेळ लागला तर लागू दे.

श्वास आत घ्या. ठोके किंचित लगबगीने येतील. सोडा. ते सैलावतील. तरुणपणी हे अधिक जाणवतं, वय वाढतं तसं कमी. हा दोष नव्हे. त्यात काही दुरुस्त करायला जाऊ नका.

आता ठोका जिथून निघतो तिथवर मनाने जा. हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, वरची महाशीर येऊन मिळते त्या सांध्यापाशी. १९०६च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात शरीररचनातज्ज्ञ आर्थर कीथ पत्नीसह सायकलवर फेरफटका मारून घरी परतले, तेव्हा मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकापाशी त्यांची वाट पाहत होता. जमीन पोखरून राहणाऱ्या मोल या इवल्या प्राण्याच्या हृदयात त्याला हा उगम दिसला होता. त्या मातीतल्या जिवापाशी क्षणभर थांबा.

कदाचित मध्येच एक ठोका चुकेल. छातीत धस्स होईल. बहुधा तो चुकलेला नसतो, अवेळी आलेला असतो. हृदय पुरतं भरण्याआधीच आवळल्याने तो मनगटापर्यंत पोचत नाही, एवढंच. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये असे ठोके औषधाने दाबले तर जीव वाचतील, अशी एके काळी डॉक्टरांची धारणा होती. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत ती पडताळली गेली. एन्केनाइड, फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ठोके खरोखरच दबले. पण त्या घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण दगावले. औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. १९८९मध्ये चाचणीतल्या त्या गोळ्या बंद कराव्या लागल्या.

इथे रेंगाळा. घाई नाही.

ही माणसं संमती देऊन आली होती. आपली गोळी खरी की नुसती दिसायला, हे घेणाऱ्याला ठाऊक नसे, देणाऱ्यालाही नसे. रोज ठरल्या वेळी त्यांनी ती पाण्याबरोबर गिळली. त्यांच्यानंतर डॉक्टर असे ठोके दिसले म्हणून लगेच औषध लिहिण्याआधी थबकू लागले. मला ही फार मोठी देणगी वाटते, आणि ती आपल्यापैकी कित्येकांच्या छातीपर्यंत पोचली आहे.

चार श्वास त्यांच्यासाठी घ्या. सावकाश.

बोटं इतक्यात उचलू नका.