जोडीतला दुसरा

बैल एकटा बदलायचा नाही, असं आमचे वडील म्हणायचे. नवा खोंड आणि थकलेला बैल एका जुवाला जुंपला की तिफण तिरपी जाते, तास वाकडं पडतं आणि शेवटी दोघंबी कामातनं जातात. हे मला चांगलं ठावं होतं. तरी गाडीच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं.

आमची मारुती आठशे २००१ सालची, जुनीच घेतलेली. २०१४ च्या जानेवारीत ही गाडी बनायची बंद झाली, पण आमच्या कपिलधारकडं तिला अजून मरण नाही. एका पावसाळ्यानंतर ती खड्ड्यातनं निघाली की होडीसारखी डुलायला लागली. मला काहीच वाटेना. रोज चालवणाराला सवय होऊन जाते. कारभारीण म्हणाली, "अहो, पोटातलं पाणी हलतंय माझं, गाडी दाखवा की कुणाला!"

मिस्तरीनं पुढून गाडी खाली दाबून सोडली. चांगली गाडी एकदा वर येते आणि थांबते. आमची तीनदा नाचली. "काका, शॉकअप गेलेत. पुढचे दोन्ही बदला."

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, पण दबलेली स्प्रिंग उसळणारच. ती उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. आतला दांडा वर-खाली होतो, तेल बारीक भोकांतनं ढकललं जातं आणि जोर तिथंच मरतो. मारुतीला पुढं हे दोन्ही एकात असतं, त्याला स्ट्रट म्हणतात. डाव्यातनं तेल गळत होतं, उजवा कोरडा होता. सोयाबीनचे पैसे अजून हाती यायचे होते. मी डावा तेवढा आणला.

लिंबाखाली गाडी घेतली. मागच्या चाकांना दगड लावले, जॅकनं पुढून उचलली आणि चेसीखाली लाकडी ठोकळा दिला. थोरल्याला एकच ताकीद दिली, "स्प्रिंग आवळून धरल्याबिगर वरचा मधला नट सोडायचा नाही. सुटली तर डोकं फोडंल." आवळायचे हूक मिस्तरीकडनं मागून आणले होते. दुपारपर्यंत काम झालं. मजुरी वाचली, एका स्ट्रटचे पैसे वाचले. मी खूश.

महिनाभरानं शेजारची सून बाळंतपणाला अडली. रात्रीचे अकरा. तिला आणि तिच्या सासूला मागं बसवलं आणि बीडकडं निघालो. मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर, एका वळणाला रस्ता उखडलेला होता. ब्रेक मारला तशी उजवी बाजू उड्या मारायला लागली आणि गाडी एकीकडं ओढली. पोरीनं माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. गाडी आवरली, पुढं काही झालं नाही. दवाखान्यात पोचलो, पहाटे तिला मुलगी झाली. सासू माझे उपकार मानत होती. मला तिच्याकडं बघवंना.

तेव्हापासून एकच विचार मनात घोळतोय. शेतकऱ्याचा सगळा जन्म भागवण्यात जातो. फाटलं शिवायचं, मोडलं बांधायचं, याला आपण गुण म्हणतो आणि तो गुणच आहे. मी फाटकी चप्पल घालून शेतात गेलो तर काटा माझ्याच पायात मोडतो. ती काटकसर. पण गाडीत दुसरा माणूस बसला की हिशेब बदलतो. पैसे माझे वाचलेले आणि जीव तिचा टांगलेला. तिला कुणी इचारलं होतं का? बैलगाडीत सगळ्यांनाच सारखे धक्के बसायचे. इथं मला कळलेलं होतं, तिला नव्हतं. मिस्तरीनं सांगितलं नसतं तर मी चुकलो असं म्हणलो असतो. त्यानं सांगितलं होतं, म्हणून चूक हा शब्द मला पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी उसने पैसे घेऊन उजवा स्ट्रट आणला आणि त्याच लिंबाखाली बसवला. मग बीडला जाऊन चाकांची अलाइनमेंट करून घेतली. जुन्याचा दांडा हातानं दाबून बघितला. काही जोर न लागता सरळ आत गेला. बाहेरून कोरडा, आतून केव्हाच मेलेला.

थोरला म्हणला, "आण्णा, भंगारात देऊ का?"

म्हणलं, राहू दे. गोठ्यात जुनं जू टांगलंय, त्याच्या शेजारी तो अजून ठेवलेला आहे.