जपणूक की साठवण?

माणसाने जुन्या वस्तू का जपाव्यात, हा प्रश्न जालन्यात विचारणे थोडे विचित्र वाटेल. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण येथील बाजारपेठेच्या भरभराटीतून रूढ झाली. आज मात्र या शहराची ओळख लोखंडी सळयांच्या कारखान्यांवरून होते. त्या भट्ट्यांत मुख्यतः भंगार वितळते. जुने मोडून नवे करणे हा आमच्याकडचा एक मोठा उद्योगच होय. अशा ठिकाणी कुणी जुने सेफ्टी रेझर, दाढीचे ब्रश आणि साबणाच्या वाट्या जमवू लागला, तर त्याला छंदिष्ट म्हणून हसावे की त्याचे कौतुक करावे? वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या प्रश्नाच्या तळाशी नीतीचा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

सेफ्टी रेझर ही तशी अलीकडची वस्तू. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन विक्रेत्याने पातळ, दुधारी आणि वापरून फेकून देण्याजोगे पाते बाजारात आणले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर व १६८ पाती खपली. १९०४ साली पेटंट मिळाले. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांना हे रेझर पुरविले आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय सर्वत्र पसरली. पितळेवर निकेलचा मुलामा दिलेली ती साधने इतकी टिकाऊ, की आजोबांचा रेझर नातवाच्या हातीही तितकाच नीट चालतो. संग्राहकाला त्यावरील खुणांचे वेड असते. पुढच्या काळातील जिलेट रेझरवर कोरलेले एक अक्षर आणि एक अंक पाहून तो रेझरचे वर्ष व तिमाही सांगतो.

परंतु वस्तूचे वय कळले म्हणजे तिचा इतिहास कळला असे नव्हे. रेझर येण्यापूर्वी आमच्या खेड्यांत न्हाव्याची धोकटी होती. वस्तरा, कातर, नराणी, पाण्याची वाटी आणि आरसा एवढा त्याचा संसार. बारा बलुतेदारांपैकी तो एक. वर्षभराच्या सेवेचा मोबदला त्याला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. याच व्यवसायातील उपकरणांना संत सेना न्हावी यांनी भक्तीचे रूपक केले. मात्र त्या धोकटीला दुसरीही बाजू होती. विधवांचे केशवपन याच वस्तऱ्याने होत असे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी त्या कामास नकार दिला, तेव्हा कुठे त्या रूढीला धक्का बसला. आणि कित्येक गावांत ती धोकटी दलिताच्या दारी उघडत नव्हती. त्याच्या दृष्टीने एक रेझर आणि आरशाचा तुकडा म्हणजे केवळ सोय नव्हती. कुणापुढेही मान न तुकवता आपला चेहरा नीटनेटका करण्याचा तो हक्क होता. ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्याने ते सोने कोणाचे, हेही विचारले पाहिजे.

म्हणूनच संग्रहाची खरी कसोटी वस्तूंच्या संख्येत नाही. पुण्याचे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि बालपणीच निधन पावलेल्या आपल्या पुत्राच्या, राजाच्या, नावाने त्यांचे संग्रहालय उभारले. शेवटी तो सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तूंमागच्या अनाम हातांची आठवण ज्याने राखली, त्याला त्या वस्तू देऊन टाकणे जमले. याउलट चाळिसावा रेझर कुलूपबंद कपाटात ठेवून जो एकेचाळिसाव्याच्या शोधात निघतो, तो जपणूक सोडून साठवणुकीकडे वळला. गंजाचा दाखला देऊन ख्रिस्ताने साठ्याविषयी जो इशारा दिला, तो अशा कपाटालाही लागू पडतो.

आणखी एक गोष्ट संग्राहकाच्या नजरेतून सहसा सुटते. रेझर टिकावा आणि पाते फेकले जावे, अशीच या साधनाची रचना आहे. आपण जपतो ती मूठ. फेकतो ते पाते कुठे जाते? ते उकिरड्यावर पडते, आणि तेथे भंगार वेचणाऱ्या बाईचे बोट कापते. सलूनमध्येही आता गिऱ्हाइकागणिक नवे अर्धे पाते वापरतात. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच, पण त्यामुळे टाकलेल्या पात्यांत भरच पडते. ज्या भट्टीवर आमचे शहर जगते, तिच्यापर्यंत भंगार पोहोचविणाऱ्या साखळीची पहिली कडी हीच माणसे आहेत. जुन्या रेझरला मखमलीत ठेवणाऱ्याने वापरलेली पाती एखाद्या पत्र्याच्या डब्यात साठवून, तो डबा नीट बंद करून देण्याची तसदी घेतली नाही, तर त्याचे वस्तुप्रेम अपुरेच म्हणावे लागेल.

प्लॅस्टिकचा रेझर चार वेळा वापरून फेकण्यापेक्षा पितळेचा एक रेझर जन्मभर वापरणे केव्हाही शहाणपणाचे, याविषयी दुमत नसावे. तेव्हा वडिलांचा रेझर अवश्य जपावा. रोज सकाळी फेस करून तो वापरावा, तुरटीचा खडा गालावरून फिरवावा आणि मुलांना धोकटीचीही गोष्ट सांगावी. अधिक असतील ते ज्यांना हवे त्यांना द्यावेत. वस्तूंवर प्रेम करताना माणसांचा विसर पडू नये, एवढे भान राहिले, तर या छंदाला कुणी हसण्याचे कारण नाही.