न वाचलेल्या पुस्तकाची बाजू घेऊ नका

पेनं खाली ठेवा आणि इकडे बघा. ‘श्यामची आई : पुस्तक आणि चित्रपट’ यावर तुम्ही जे लिहून आणलंत, ते मी काल रात्री वाचलं. नववीच्या वर्गाला ते शोभत नाही. जवळजवळ प्रत्येकानं शेवटी एकच वाक्य ठोकून दिलंय : चित्रपटापेक्षा पुस्तक सरस. कशावरून? उघडलंत तरी का ते? काहींनी तर द्रौपदीनं कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली ते गाणं ‘पुस्तकातलं सुंदर गीत’ म्हणून गौरवलंय. अरे, ते गाणं आचार्य अत्र्यांनी 1953 च्या चित्रपटासाठी लिहिलं आणि वसंत देसाईंनी त्याला चाल दिली. म्हणजे मोबाइलवर सिनेमा पाहिलात, तोही पुढे ढकलत, आणि सरांना बरं वाटेल म्हणून कौल पुस्तकाला दिलात. ही लबाडी आहे. सिनेमा जास्त आवडला असेल तर तसं बेधडक लिहा, मी गुण कापणार नाही. न वाचलेल्या पुस्तकाची बाजू घेतलीत तर मात्र कापीन.

ज्यांनी पुस्तक चाळलं, त्यांनी दुसरा पराक्रम केला. चित्रपटात हे गाळलं, ते गाळलं, अशी यादी! 42 रात्रींच्या गोष्टी दोन-अडीच तासांत कशा मावतील? अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांमधून विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा उभी केली आणि जब्बार पटेलांनी 1979 साली त्यावर चित्रपट केला. तिथे काय गेलं हे मोजत बसलात तर हाताला काही लागणार नाही. जे ठेवलं ते का ठेवलं आणि कुणाच्या नजरेतून दाखवलं, हे विचारा.

पोहण्याचा प्रसंग घ्या. पोहायला जायला नको म्हणून श्याम लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन त्याला बाहेर काढते. पुस्तकात ही गोष्ट सांगतो कोण? मोठा झालेला, आईला मुकलेला श्याम. आश्रमातल्या मित्रांना रात्री बसून सांगतो. साने गुरुजींनी हे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ज्यानं मार खाल्ला, तोच त्या मारातली माया सांगतोय, म्हणून शिंपटीचा प्रत्येक फटका आपल्याला दोनदा लागतो : एकदा लहान श्यामसोबत, एकदा मोठ्या श्यामसोबत. पडद्यावर आई समोर उभी असते. तिथे आईचं काम करणाऱ्या वनमालाबाईंना ती माया चेहऱ्यावर आणि हातात आणावी लागते, त्याच हातात, ज्यात शिंपटी आहे. किती अवघड काम आहे ते! तुमच्या एकाही वहीत याचा उल्लेख नाही. आईनं मारलं, श्याम पोहायला शिकला, इतकंच.

सुजय डहाकेंनी 2023 मध्ये हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, कृष्णधवल. रंग हाताशी असताना त्यांनी ते का नाकारले असतील, हा प्रश्न कुणाला पडला? त्यांनीच त्याआधी मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’वर चित्रपट केला होता. कादंबरीतला मुकुंद जोशी तुमच्याच वयाचा, नववीतला. सगळी कादंबरी त्याच्या तोंडून, त्याच्या बोलीत येते. जे तो मित्रांनाही सांगत नाही, ते आपल्याला सांगतो. कॅमेऱ्याला त्याच्या डोक्यात शिरता येत नाही. मग दिग्दर्शकानं काय केलं, ते शोधायचं असतं.

आणि हे सगळं मी मालगुंडात सांगतोय, याचं मला जास्त दुःख आहे. गणपतीपुळ्याला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही कवी केशवसुतांचं घर मोठ्या अभिमानानं दाखवायला नेता. त्या माणसाचा जन्म याच गावातला, 1866 चा. साने गुरुजींचं पालगडही आपल्याच जिल्ह्यातलं. श्याम ज्या दापोलीत शिकला, तिथे तुमची मामा-मावशीची घरं आहेत. याहून जवळ पुस्तक यायचं तरी किती? तुमची बुद्धी कमी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच राग येतो. कंटाळ्याला मी माफी देणार नाही.

सोमवारी सगळ्यांनी नव्यानं लिहून आणायचं. एकच प्रसंग निवडा. आधी पुस्तकात दोनदा वाचा, मग चित्रपटात बघा, न ढकलता. पुस्तकाचा पान नंबर समासात लिहा. सरस कोण, हे कुणीही लिहायचं नाही. आता वह्या घेऊन जा.