युनिटांची बेरीज आणि प्रवाहाची दिशा

छतावरच्या सौरविजेबद्दल आपल्याकडे जी चर्चा चालते ती बिलापाशी सुरू होते आणि बिलापाशीच संपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटच्या यंत्रणेला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि ‘शून्य बिल’ हे दोन शब्द गावोगावच्या फलकांवर झळकले. अनुदान योग्यच आहे. पण ज्या घराच्या माथ्यावर एक छोटे वीजकेंद्र उभे राहिले, त्या घराला आपल्याच विजेची खबर महिन्यातून एकदा, तीही एका वजाबाकीच्या रूपात मिळावी, याचे कोणाला काही वाटत नाही. मला ते फार खटकते.

सौर मीटर घरातल्या हबशी, म्हणजे ज्या छोट्या संगणकावरून दिवे, गीझर, पंप चालू-बंद करता येतात त्याच्याशी जोडावा, असे म्हटले की आक्षेप ठरलेले असतात. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे एक मत; पण यंत्रणेच्या किमतीपुढे या जोडणीचा खर्च किरकोळ असतो. बॅटरी आली की याची गरज उरणार नाही, असे दुसरे. पण बॅटरी केव्हा भरायची आणि केव्हा वापरायची, हेही कोणीतरी ठरवावेच लागते. तिसरा आक्षेप मात्र मनावर घेण्यासारखा आहे, कारण तो जाणती माणसे घेतात. त्यांचे म्हणणे असे: नेट मीटरिंगमध्ये ग्रिड ही तुमची बँक आहे. दुपारी युनिट जमा करा, रात्री काढा. मग गीझर दुपारी लावला काय आणि रात्री लावला काय, फरक पडतोच कुठे?

बिलापुरते हे बरेचसे खरे आहे, हे मान्य करतो. पण बिलापुरतेच. बँकेत टाकलेला पैसा खात्यात राहतो. ग्रिडमध्ये टाकलेले युनिट कुठेही राहत नाही. ते त्याच क्षणी शेजारच्या पंख्यात किंवा कोपऱ्यावरच्या गिरणीत खर्च होते. रात्री आठला तुम्ही जे ‘काढता’ ते वेगळेच युनिट असते, आणि ते कोराडी-चंद्रपूरच्या कोळशातून किंवा कोयनेच्या पाण्यातून आलेले असू शकते. कोयनेचे उदाहरण मुद्दाम घेतो. पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी तिथल्या पाण्याला लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे, म्हणून ते पाणी मागणी चढते त्या तासांसाठी जपून वापरायचे असते. सगळी युनिटे सारखीच असती, तर ही जपणूक कशासाठी केली असती? महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षे काढली आहेत. वर्षभराची वीज पुरेशी असूनही संध्याकाळची कमी पडू शकते, हे इथे कोणाला नव्याने समजावून सांगावे लागू नये.

बँकवाल्यांचे म्हणणे गल्लीच्या पातळीवरही टिकत नाही. एका घराने दुपारी वीज बाहेर दिली तर उत्तमच. पण एकाच रोहित्रावरची वीस-पंचवीस घरे मे महिन्याच्या दुपारी एकदम वीज बाहेर ढकलू लागली की लाइनचे व्होल्टेज चढते, आणि ते मर्यादेपलीकडे गेले की इन्व्हर्टर स्वतःच बंद पडतो. ऊन भरात असताना निर्मिती थांबते आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण मोबाइलवर दिवसाचा आकडा थोडा कमी दिसतो एवढेच. मग ‘आज ढग होते’ म्हणून तो विषय सोडून देतो.

शिवाय बँकेचे नियम बदलतात. नेदरलँड्समध्ये नेट मीटरिंग घराघरांत रुजले होते. १ जानेवारी २०२७ पासून ते बंद करण्याचा कायदा तिथे झाला. आपल्याकडेही जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौरतासांतला दर किमान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकांचा गर्दीच्या तासांतला दर किमान १० टक्के जास्त ठेवायला सांगितले आहे. दुपारचे आणि रात्रीचे युनिट एकाच भावाने धरण्याची पद्धत त्यानंतर कायम राहील, असे मानायला मला आधार दिसत नाही.

आता माझा खरा मुद्दा. हब जोडला असे सांगणाऱ्या बऱ्याच घरांत तो फक्त इन्व्हर्टरला जोडलेला असतो. इन्व्हर्टर निर्मिती सांगतो. निर्मितीवरून निर्णय घेता येत नाही. समजा दुपारी साडेबाराला इन्व्हर्टर २,१०० वॉट दाखवतो आणि हब २,००० वॉटचा गीझर लावतो. त्याच वेळी स्वयंपाकघरात घरघंटीवर ज्वारी दळली जात असेल आणि फ्रिज चालू असेल, तर सात-आठशे वॉट बाहेरून ओढले जातात आणि हबला वाटते आपण उन्हावर पाणी तापवतो आहोत. खरी माहिती एकाच ठिकाणी मिळते: बाहेरची वीज घरात शिरते त्या मुख्य तारेवर. तिथे सीटीची, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या संवेदकाची, चिमटी बसवली, तिच्यावरचा बाण योग्य दिशेला ठेवला आणि तिला जोडलेल्या मीटरच्या आरएस-४८५ या माहिती-जोडणीच्या दोन तारा हबपर्यंत आणल्या, की दर काही सेकंदांनी आकडा मिळतो. धन असेल तर वीज आत येते आहे, ऋण असेल तर बाहेर जाते आहे. हा आकडा उणे २,००० च्या खाली काही मिनिटे टिकला तर गीझर लावायचा. २५ लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवायला जेमतेम एक युनिट लागते, आणि टाकीचे आवरण धड असेल तर ते संध्याकाळच्या अंघोळीला पुरते.

हा आकडा इन्व्हर्टर कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून पाच मिनिटांनी आला तर त्याचा काही उपयोग नाही. भाद्रपदातला ढग तोवर येऊन गेलेला असतो; इंटरनेट गेले की हब आंधळा होतो. वाचन घरातल्या घरातच व्हायला हवे.

टीओडी, म्हणजे तासांनुसार दर लावणाऱ्या, मीटरवरच्या वादात एक बाजू पाळतीची भीती घालते आणि दुसरी सवलतीचे आमिष दाखवते. आत-बाहेर जाणारा प्रवाह हा मीटर क्षणोक्षणी मोजतोच, वीज कंपनीला पंधरा किंवा तीस मिनिटांच्या नोंदी पाठवतो, आणि ज्याच्या भिंतीवर तो टांगलेला आहे त्याला तोच आकडा वाचण्यासाठी दुसरा मीटर विकत घ्यावा लागतो, हे मात्र कोणी बोलत नाही. डच स्मार्ट मीटरला ग्राहकासाठी पी-१ नावाचे सॉकेट असते. त्यात साधी केबल घातली की नव्या मीटरमधून दर सेकंदाला वाचन मिळते, ते कोणत्याही हबला द्या. मीटरमध्ये ढवळाढवळ नाही, कोणाची परवानगी नाही. आपल्याकडे मीटर लाखोंनी बसत आहेत. असे सॉकेट हवे असेल तर ते खरेदीच्या निविदेतच लिहावे लागेल; एकदा मीटर भिंतीवर चढला की पुढची कित्येक वर्षे तो बदलत नाही.